वीस सेकंद थांबायला शिकवणारे तायडेभाऊ

महाविद्यालयात रुजू होऊन मला जेमतेम महिना झाला होता. स्वागत समारंभात नव्या प्राध्यापिकेने चार शब्द बोलावेत असे ठरले. मी उभी राहिले आणि वीज गेली. मला त्याचे काहीच वाटले नाही. वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली घरी नेतच मी लहानाची मोठी झाले होते. "मला माइकची गरज नाही," असे जाहीर करून मी अर्धा तास खड्या आवाजात बोलले. टाळ्याही भरपूर पडल्या. सभागृहाच्या दाराशी खाकी कपड्यांतले एक सडपातळ गृहस्थ हातात पेचकस घेऊन उभे होते. ते अदबीने पुढे आले.

"मॅडम, बोलल्या झकास. पन मांगं आयकू नाई आलं."

मी तिखटपणे म्हणाले, "माझा आवाज सगळीकडे पोहोचतो."

"पोचत असन. पन मी मांगच्या भिंतीले टेकून बसलो व्हतो. 'बंधू-भगिनींनो' आयकू आलं, मंग नुस्त्या साळुंक्याच आयकू आल्या."

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतले परिचर श्री. मधुकर तायडे यांच्याशी माझी ओळख झाली ती अशी. आज ते तायडेभाऊ साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

हा ग्रंथ निघतो आहे याचा मला फार आनंद आहे, आणि त्या आनंदात थोडा रागही मिसळलेला आहे. गौरवग्रंथ कुणाचे निघतात हे मी आयुष्यभर पाहत आले. ज्यांच्या खुर्चीला पाठ आणि हात असतात, त्यांचे ग्रंथ निघतात. जे स्टुलावर बसून नोकरी करतात, त्यांना शाल, नारळ आणि दोन मिनिटांचे आभार मिळतात. आपल्या शिक्षणसंस्थांत ज्ञानाचे पूजन होते, पण ज्ञान ज्या तारांतून, नळ्यांतून, चाव्यांच्या जुडग्यांतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचते, त्या तारा सांभाळणारा माणूस फोटोच्या चौकटीबाहेर राहतो. बहुतेक वेळा फोटो तोच काढत असतो! यावर मी कित्येक भाषणे केली. संपादक मंडळाने भाषण न करता ती रीत मोडली, याबद्दल मी त्यांना मनापासून वंदन करते.

तायडेभाऊंचा जन्म आसेगावजवळच्या एका खेड्यातला. आईवडील दोघेही मजुरीला जात. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली तेव्हा घरातला देवाचा कोनाडा रिकामा झाला आणि पुढे त्या कोनाड्यात पाट्या-पुस्तके आली, असे ते सांगतात. आईला अक्षरओळख नव्हती, पण भाषणांची ओढ जबर होती. गावात जयंतीला वक्ते येत. दिवसभराच्या कामाने थकलेली आई लेकाला म्हणे, "तू जाय. आयकून ये अन् मले सांग." लहानगे मधुकर गर्दीच्या मागे उभे राहत. कर्ण्याचे तोंड पुढाऱ्यांकडे असे. मागे यायचे ते तुकडे. घरी आल्यावर आई विचारी, "काय सांगतलं?" आणि ते अर्धेच सांगू शकत.

"आई काई म्हने नाई," तायडेभाऊ एकदा मला म्हणाले होते. "पन तिले समजे, का आपल्या वाट्याले अर्धंच आलं."

पुढे परिचर म्हणून नोकरी लागली. बंद पडलेली उपकरणे दुरुस्त करता करता ते माइकची व्यवस्था पाहू लागले, मग संगणकांची, आणि मग आवारभर पसरलेल्या संगणकांच्या जाळ्याची. बारावीनंतर सुटलेले शिक्षण त्यांनी चाळिशी उलटल्यावर बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण केले. इंग्रजी माहितीपुस्तके ते शब्दकोश उशाशी घेऊन वाचत. त्या शब्दकोशाच्या कडा हातांनी काळवंडल्या आहेत. एवढे वाचलेला शब्दकोश मी प्राध्यापकांच्या घरी क्वचितच पाहिला.

त्यांच्या कामाची एक पद्धत मात्र पहिल्या दिवसापासून आजतागायत बदललेली नाही. कार्यक्रम सुरू झाला की माइकवाला माइकजवळ थांबतो, कॅमेरावाला कॅमेऱ्याजवळ. तायडेभाऊ यंत्र सुरू करून देतात आणि सर्वांत लांबच्या जागी जाऊन बसतात. शेवटची रांग, शेवटचा बाक. तिथे नीट पोहोचले तरच त्यांच्या लेखी काम झाले. "पुढं तं सगळंच चांगलं दिसते, मॅडम," हे त्यांचे ठरलेले वाक्य.

आता त्या कामाविषयी लिहिते, ज्यासाठी आपल्या महाविद्यालयाची नवी पिढी त्यांना ओळखते.

आपले सभागृह पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्या चढून. जागा थोडी. आणि जागा थोडी असली की ती कुणाला मिळते हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पुढे पाहुणे, मग संस्थेचे पदाधिकारी, मग आम्ही, मग धावत येऊन बाक धरणारी मुले. मालेगाव, अनसिंगकडून बसने येणाऱ्या मुली तास संपवून येत तोवर दार भरलेले असे. त्या जिन्यात बसत. त्या जिन्याच्याही खाली, पहिल्या पायरीशी, तेव्हा द्वितीय वर्षाला असलेली वंदना खिल्लारे बसत असे. लहानपणच्या अपघातामुळे ती कुबड्यांवर चालते. जीभ मात्र तिची कशाचाही आधार न घेता चालते! तायडेभाऊ दर कार्यक्रमाला तिच्यासाठी खाली खुर्ची आणून ठेवत.

"भाऊ," ती एकदा म्हणाली, "खुर्ची तं देता, पन भाषन काहून नाई देत खाली?"

तायडेभाऊंनी ते वाक्य गंमत म्हणून सोडून दिले नाही. वर्षभर ते त्याच्या मागे लागले.

सभागृहातले भाषण त्याच क्षणी आवारातल्या इतर खोल्यांत पडद्यावर दिसावे, अशी ती योजना होती. त्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची गरज नव्हती; आपल्या आवारातल्या तारांवरूनच चित्र न्यायचे होते. एक कॅमेरा, प्रयोगशाळेने बाद ठरवलेला एक संगणक आणि खोल्यांमधले प्रोजेक्टर. लांबची खोली म्हणून त्यांनी विज्ञान इमारतीतली खोली क्रमांक अकरा निवडली. ती सभागृहाच्या व्यासपीठामागच्या खिडक्यांच्या बरोबर समोर, मध्ये फक्त मोकळे पटांगण. तळमजल्यावर, आणि उपकरणांच्या हातगाडीसाठी दाराशी पायरीऐवजी उतार केलेला. वंदनाला कुणाच्या मदतीशिवाय जाता येईल अशी आवारातली ती एकमेव मोठी खोली होती.

समितीच्या बैठकीत या योजनेला सर्वांत कडवा विरोध कुणी केला असेल तर तो मी. मी म्हणाले, "भाषण म्हणजे बातम्या नव्हेत. वक्ता आणि श्रोता यांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिले पाहिजे. पडद्यावरचे भाषण म्हणजे फोटोतले जेवण!" सगळे हसले. तायडेभाऊ शांतपणे म्हणाले, "बराबर हाय, मॅडम. पन ज्याइले ताटावर बसाले जागाच भेटत नाई, त्याइले निदान वास तं येऊ द्या." उत्तर सुचले नाही म्हणून मी पटवून घेतले असे मात्र नाही. वक्त्यांची ही खोड जुनी आहे.

पहिल्या चाचणीला तायडेभाऊंनी माझ्याच एका जुन्या भाषणाचे चित्रीकरण वापरले आणि दहा मिनिटांत सगळ्या महाविद्यालयाचे संगणक गोठले. मुख्य लिपिक धावत आले.

"तायडेभाऊ, काय करून राह्यले तुमी? माह्या कम्प्युटरवर अर्ज उघडत नाई!"

"साहेब, मॅडमचं भाषन तुमच्यापावतर जाऊन राह्यलं."

"मले तं काई दिसत नाई!"

"तुमी मांगतलं नाई म्हनून दिसत नाई. पन येऊन राह्यलं."

"बापा! न मांगता येते ते भाषनच असते!"

हा विनोद पुढे सहा महिने कर्मचारी खोलीत माझ्या मागे लागला होता. दोष असा होता की चित्र प्रत्येक तारेत, प्रत्येक संगणकाकडे ओतले जात होते. तायडेभाऊंनी माहितीपुस्तक आणि शब्दकोश घेऊन ठाण मांडले आणि ज्या खोलीने मागणी केली आहे तिलाच चित्र मिळेल, अशी रचना बसवली. काम पुरे झाल्यावर मुख्य लिपिकांच्या टेबलावर त्यांनी पेढा ठेवला. "हा बी न मांगता आला, साहेब."

पटांगणातून विज्ञान इमारतीपर्यंत तार न्यायची होती. झाडावरून नेली तर वानरे तिला झोका समजतात, म्हणून जमिनीखालून. शहरातून आलेल्या ठेकेदाराने सरळ, ताठ, देखणी नळी पुरली. एप्रिलमध्ये आपली काळी जमीन भेगाळली आणि नळीचे सांधे निखळून तार तुटली. तायडेभाऊंनी पुन्हा चर खणला आणि प्रत्येक सांध्याशी तारेचा एक सैल वेढा ठेवला. मी विचारले तर म्हणाले, "हे जमीन उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. तार ताणून टाकली तं तुटनारच. थोडी ढील ठेवा लागते, मॅडम." मजुराच्या घरातल्या लेकाला जमिनीचा स्वभाव ठाऊक होता. ती तार आजही शाबूत आहे.

एक गोष्ट मात्र त्यांना टाळता येईना. चित्र खोल्यांत पोहोचायला वीस सेकंद उशीर होई. संगणक चित्राचे तुकडे करतो आणि पलीकडचे यंत्र काही तुकडे साठवून मगच दाखवू लागते. साठा कमी केला तर उशीर कमी होई, पण आपल्या जुन्या यंत्रांवर चित्र अडखळे, वाक्ये तुटत. तायडेभाऊंनी उशीर पत्करला. "अर्धंमुर्धं पोचन्यापरीस उशिरा पोचलेलं बरं," ते म्हणाले. त्यांच्या आईचा तो प्रश्न मला तेव्हा आठवायला हवा होता. आठवला नाही.

तीन दिवसांच्या वार्षिक व्याख्यानमालेचे पहिले पुष्प माझे होते. विषय होता समता. सभागृह भरले होते आणि अकरा नंबरच्या खोलीत मुली बसल्या होत्या. पहिल्यांदाच जिन्यात कुणी नव्हते. तायडेभाऊ नेहमीप्रमाणे तिकडे, शेवटच्या बाकावर होते.

मी बोलायला उभी राहिले तेव्हा समोर एक चिठ्ठी होती. व्यासपीठावरची चिठ्ठी मी कधी वाचत नाही. आयुष्यभराच्या अनुभवाने मला ठाऊक आहे की तिच्यावर एकच मजकूर असतो : वेळ संपत आली. ती मी न उघडता माझ्या पुस्तकात सारली.

सुरुवातीला पहिल्या रांगेत झोपायला येणाऱ्या मान्यवरांवर मी एक किस्सा सांगितला. सभागृह खदखदून हसले. मग मी आवाज खाली आणला आणि सोयाबीनच्या मळणी यंत्रात हात गमावलेल्या एका मजूर बाईची हकिकत सांगू लागले. सभागृह स्तब्ध झाले. आणि त्या स्तब्धतेत माझ्या पाठीमागच्या खिडक्यांतून हास्याचा लोट आला. मोकळे, खळखळते हसणे. पाठोपाठ टाळ्या.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी वळून खिडकीकडे हात केला आणि गरजले, "समोरच्या खोलीत बसून एका बाईच्या दुःखावर जे हसत आहेत, त्यांना ही सभा ऐकण्याचा अधिकार नाही! बंद करा त्यांचा पडदा!"

सभागृहाने या संतापालाही टाळ्या दिल्या. कुणीतरी निरोप घेऊन धावले. मी समतेवर आणखी तासभर बोलले.

अकरा नंबरमध्ये काय घडले ते मला नंतर वंदनाने सांगितले. खिडकीतून माझे ओरडणे अस्पष्ट ऐकू आले तेव्हा पडद्यावरची मी नुकतीच त्या बाईची हकिकत सांगू लागले होते. मुली पुढे सरकून ऐकत होत्या. कितीजणींच्या घरात ती बाई होती. मग पडद्यावरही मी वळले, हात केला आणि गरजले. "आमी रडाच्या जागी येऊन पोचलो व्हतो, मॅडम," वंदना म्हणाली, "अन् तुमी आमाले हासल्या म्हनून हाकललं."

मुली उठू लागल्या. वंदना म्हणाली, "चला वं पोरीहो, समता झाली आपली." तायडेभाऊ बाकावरून उठून म्हणाले, "मॅडमले ठाऊक नाई, बाई. चूक माही हाय." तेवढ्यात निरोप आला आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पडदा बंद केला.

"भाऊ, मले प्रश्न इचाराचा व्हता," वंदना म्हणाली.

"उद्या इचार."

"उद्या राहीन काय हे?"

तायडेभाऊ खाली वाकून तारा गुंडाळू लागले.

आणि तो पडदा खरेच राहणार नव्हता. त्याच दुपारी संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितले, ज्यांना सभ्यपणे ऐकता येत नाही त्यांच्यासाठी हा खटाटोप नको, उद्यापासून बंद. मी तिथे बसले होते. समतेवर सव्वा तास बोललेली बाई त्या एका मिनिटात गप्प बसली, हे या ग्रंथात नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासाला जाण्यापूर्वी मी पुस्तक उघडले आणि चिठ्ठी खाली पडली. ठळक, वळणदार अक्षर.

"मॅडम, समोरच्या खोलीत आपले बोलणे वीस सेकंद उशिरा पोहोचते. त्यामुळे हसणे आणि टाळ्या उशिरा येतील. राग मानू नये. आपला, तायडे."

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. त्यांनी मला एक कागद दाखवला. आदल्या संध्याकाळी तायडेभाऊंनी दिलेला लेखी खुलासा होता तो. विलंबाची कल्पना वक्त्यांना तोंडी न दिल्याची चूक आपली असून विद्यार्थिनींचा काहीही दोष नाही, असे त्यात लिहिले होते. चिठ्ठीचा उल्लेख कुठेच नव्हता.

प्रयोगशाळेत ते एका जळलेल्या जोडणीची तार सोलत होते. मी जवळजवळ ओरडलेच, "तायडेभाऊ, चिठ्ठी ठेवली होती हे का नाही सांगितले? दोष का घेतला अंगावर?"

ते उठून उभे राहिले. "चिठ्ठी ठेवली म्हंजे सांगतलं असं होत नाई, मॅडम. तुमच्यापावतर पोचलं का नाई, हे पाहाचं माहं काम व्हतं. मांगं बसून पाहाची सवय मले. पुढं पाहाचं राहूनच गेलं."

दुसऱ्यांना लावतात तेच माप स्वतःला लावणारी माणसे मी पुस्तकांत पुष्कळ वाचली आहेत. समोर उभी राहिलेली मला एवढी एकच आठवते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "आज सभेच्या सुरुवातीला सर्वांसमोर सांगते."

"सांगान तं खाली येऊन सांगा," तायडेभाऊ म्हणाले. "ज्याइले बोलल्या, त्याइलेच आधी आयकू येऊ द्या. कॅमेरा मी तिकडं आनतो."

परवानगी मागायला गेलो तेव्हा प्राचार्य थोडे घुटमळले. "म्हणजे अध्यक्षांना वर सभागृहात बसून पडदा पाहावा लागेल?"

"वीस सेकंद उशिरा," मी म्हणाले. प्राचार्यांना हसू आवरेना, आणि त्यांनी परवानगी दिली.

त्या दुपारी मी अकरा नंबरच्या खोलीत उभी होते. समोर मुली, पहिल्या बाकाच्या कडेला वंदना, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तायडेभाऊ खोलीत नव्हते. आज लांबची जागा म्हणजे सभागृह होते. ते तिथे शेवटच्या रांगेत जाऊन बसले होते. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. ती मी का वाचली नव्हती हेही सांगितले. मुलींची हात जोडून क्षमा मागितली आणि वंदनाला म्हणाले, "काल तुझा एक प्रश्न राहिला होता."

"काल हाकललं, अन् आज घरपोच!" ती पुटपुटली, आणि कॅमेऱ्याच्या माइकने तेही टिपले. मुली हसल्या. मग ती नीट बसली.

"मॅडम, समता म्हंजे सगळ्याइले एकाच वक्ताले भेटनं, का मांगच्याले पोचेपर्यंत पुढच्यानं थांबनं?"

या विषयावर माझ्या कपाटात तीन खण पुस्तके आहेत. एकातलेही वाक्य मदतीला आले नाही. मी उत्तर शोधत गप्प उभी राहिले. माझ्या बोलण्याच्या आयुष्यातली ती पहिली शांतता असेल, जी मी भरून काढली नाही. आणि त्या शांततेत, पटांगणापलीकडून, वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून हसणे आले. वंदनाच्या 'घरपोच'वर सभागृह आत्ता हसत होते. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. कालचे सगळे कोडे त्यांना आणि मला एकाच क्षणी ऐकू आले. मी थांबले. थोड्या वेळाने वरून टाळ्या आल्या, वंदनाच्या प्रश्नाला. पुष्कळ वेळ चालल्या.

"पाह्यलं, मॅडम?" वंदना म्हणाली. "तुमी थांबल्या म्हनून आयकू आल्या."

कार्यक्रमानंतर अध्यक्ष स्वतः पटांगण ओलांडून आले. बंद करण्याविषयी ते काही बोलले नाहीत. एवढेच विचारले, "आमच्या टाळ्या इथे ऐकू आल्या का?" वंदनाने मान हलवून सांगितले, "आल्या, सर. उशिरा आल्या, पन पुऱ्या आल्या." तो खुलासा प्राचार्यांनी तायडेभाऊंना परत दिला. अकरा नंबरचा पडदा तेव्हापासून एकाही व्याख्यानाला बंद राहिलेला नाही. आता प्रश्न विचारण्यासाठी तिथेही माइक आहे, आणि वक्त्याने पहिला प्रश्न तिकडून घ्यायचा, असा आपल्याकडे शिरस्ता पडला आहे. बाहेरच्या पाहुण्यांना तो चमत्कारिक वाटतो. आम्ही त्यांना कारण सांगत बसत नाही. चिठ्ठी मात्र हातात देतो आणि त्यांना वाचायला लावतो.

तायडेभाऊंचे ऋण माझ्यावर आणखी एक आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या घशावर शस्त्रक्रिया झाली. दोन महिने मोठ्याने बोलायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले. ज्या बाईने माइकला नाही म्हणून मिरवले होते, तिला घोटभर पाणी मागायलाही कष्ट पडत. आता वर्ग सुटला, सभा सुटली, मीही सुटले असे वाटू लागले. एका सकाळी तायडेभाऊ घरी आले. खिशातून त्यांनी पदराला अडकवता येईल एवढा चिमुकला माइक काढला आणि पिशवीतून जुन्या रेडिओच्या खोक्यात बसवलेला कर्णा. सगळे जुन्या सामानातून जोडलेले. "तुमी कुजबुजा, मॅडम. बाकीचं हे पाहीन." मी त्या आठवड्यात वर्गावर गेले. पहिल्या तासाला शेवटच्या बाकावर कोण येऊन बसले होते, हे मी सांगायला हवे का? तास संपल्यावर ते दारातून जाताना म्हणाले, "आज आयकू आलं. साळुंक्या नव्हत्या." इतक्या वर्षांनी माझे भाषण त्यांनी मंजूर केले.

त्यांच्या सौभाग्यवती कमलताईंना मी हा लेख लिहीत असल्याचे सांगितले तेव्हा त्या हसत म्हणाल्या, "तुमच्या सभेत वीस सेकंद उशीर व्हते म्हनतेत. घरी मी काई इचारलं तं वीस दिवसानं उत्तर भेटते! तेवढं लिहा बरं तुमी." लिहिले आहे, कमलताई. आणि ज्या घराने एवढा मोठा उशीर सोसून हा माणूस आम्हाला दिला, त्या घराला आमचा नमस्कारही लिहिला आहे.

वंदना आता वाशिमला नोकरी करते. या समारंभाला ती येणार आहे आणि सभागृहात न येता अकरा नंबरमध्येच बसणार असे तिने कळवले आहे. "पह्यला प्रश्न माहाच," हेही कळवले आहे.

संयोजकांपुढे पेच मात्र वेगळाच आहे. सत्कारमूर्ती म्हणून तायडेभाऊंना व्यासपीठावर बसावे लागणार, आणि ते गेल्या आठवड्यापासून प्रत्येकाला एकच विचारत आहेत, "मंग मांगं कोन बसून पाहीन?" तायडेभाऊ, त्या दिवशी शेवटच्या बाकावर मी बसेन. माझे चार शब्द बोलून झाले की मी पटांगण ओलांडून तिथे जाईन आणि आपला सत्कार तिथपर्यंत अखंड पोहोचतो की नाही, हे स्वतः पाहीन. आपल्याकडून एवढे तरी शिकले आहे.

आपल्याला शंभर वर्षांचे निरोगी, समाधानाचे आयुष्य लाभो. कान आजच्यासारखेच तीक्ष्ण राहोत आणि पावले पटांगणापलीकडे तितक्याच सहज जात राहोत. निवृत्तीनंतरही आयुष्याच्या तारेत आपण म्हणता तशी थोडी ढील राहो. उन्हाळे येतील आणि जातील.

त्या व्याख्यानापासून मी एक नियम पाळते. भाषणाचे शेवटचे वाक्य बोलून झाले की मी लगेच खाली बसत नाही. गप्प उभी राहते. नवख्या श्रोत्यांना वाटते, बाई पुढचे विसरल्या. जुने श्रोते जाणतात आणि माझ्याबरोबर थांबतात. तायडेभाऊ, माझे बोलणे इथे संपले आहे. पण सर्वांत लांबच्या खोलीतल्या टाळ्या अजून यायच्या आहेत, आणि त्या आपल्यासाठी आहेत. मी उभी आहे.